चंक्रमण

चंक्रमण : बौद्ध ध्यानसाधनेतील एक अंग. ठराविक लांबीच्या सपाट वाटेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे चालत जाणे, तेथे क्षणभर थांबून वळणे व पुन्हा परत येणे आणि हे करीत असता चित्त बाहेर भटकू न देता ते चालण्याच्या क्रियेवर किंवा स्वीकारलेल्या ध्यानविषयावर ठेवणे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ध्यान म्हणजे डोळे मिटून निश्चल बसणे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तथापि बौद्ध परंपरेत चालणे, उभे राहणे, बसणे व पहुडणे हे चार ‘ईर्यापथ’ म्हणजे शरीराच्या चार अवस्था मानलेल्या असून त्या चारही अवस्था ध्यानाला योग्य समजल्या जातात. त्यांपैकी चालण्याच्या अवस्थेला साधनेचे रीतसर रूप मिळाले, ते चंक्रमण होय. शरीराची हालचाल ही चित्ताच्या एकाग्रतेला बाधक आहे, की तीच एकाग्रतेचे आलंबन होऊ शकते, हा भारतीय साधनापरंपरांतील एक जुना वादविषय आहे. चंक्रमणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या प्रश्नाला दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

व्युत्पत्ती व अर्थ : संस्कृत ‘चंक्रम’ वा ‘चंक्रमण’ हा शब्द ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे या धातूच्या पौनःपुन्यदर्शक (यङन्त) रूपापासून झाला आहे. पुनःपुन्हा पावले टाकणे, येरझारा घालणे, हा त्याचा मूळ अर्थ. पाली भाषेत ‘चंकम’ असे रूप असून ते दोन अर्थांनी येते : एक, येरझारा घालण्याची क्रिया व दुसरा, त्यासाठी मुद्दाम तयार केलेली वाट किंवा चौथरा. सिंहली भाषेतील ‘सक्मन’ व थाई भाषेतील ‘चोंगक्रोम’ ही याच शब्दाची रूपे आहेत. चिनी भाषेत त्यासाठी ‘चिंगशिंग’ अशी संज्ञा योजण्यात आली व तिचाच जपानी उच्चार ‘किन्हिन’ असा होतो.

आरोग्यासाठी अनुज्ञा : विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागात चंक्रमणाच्या अनुज्ञेची जी कथा आली आहे, तिचा संबंध ध्यानाशी नसून आरोग्याशी आहे. वैशाली येथे उपासकांकडून पक्वान्नांची भिक्षा वरचेवर मिळू लागल्यामुळे भिक्षूंची शरीरे जड झाली व ते वारंवार आजारी पडू लागले. त्यावेळी तेथे आलेल्या जीवक कौमारभृत्य या प्रसिद्ध वैद्याने चंक्रमण व उष्ण स्नानगृह या दोन गोष्टींना अनुज्ञा द्यावी, अशी बुद्धाला विनंती केली आणि ती मान्य झाली. यानंतरचे नियम एकेका अडचणीतून निर्माण झालेले दिसतात. वाट खडबडीत असल्याने पाय दुखू लागले, म्हणून ती सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. सखल जागी पाणी साचू लागले, म्हणून विटा, दगड वा लाकूड यांचा चौथरा उभारण्याची. चढताना त्रास होऊ लागला, म्हणून पायऱ्यांची व आधाराच्या कठड्याची. आणि उघड्यावर थंडी-उन्हाचा त्रास होऊ लागला, म्हणून छप्पर असलेल्या चंक्रमणशाळेची.

अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरच्या प्रवासाची क्षमता, साधनेतील परिश्रमांची क्षमता, रोगांचे अल्पत्व व खाल्लेल्या अन्नाचे नीट पचन हे पहिले चार होत. पाचवा लाभ असा, की चालत असता साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पहिल्या चार लाभांचा संबंध मुख्यत्वे शरीराच्या क्षमतेशी आहे. पाचवा मात्र पूर्णपणे चित्ताशी संबंधित आहे. बसून साधलेली एकाग्रता आसन मोडताच ओसरते. उलट हालचालीतच जी साधली, तिला हालचालीने धक्का पोचत नाही, असे या विधानाचे तात्पर्य मानले जाते. अशा रीतीने आरोग्याच्या सोयीखातर मान्य झालेली एक क्रिया प्राचीन काळीच साधनेच्या कक्षेत आलेली दिसते.

साधनेतील स्थान : बुद्धोपदेशात वर्णिलेल्या भिक्षूच्या दिनक्रमात दिवसा तसेच रात्रीच्या पहिल्या व शेवटच्या प्रहरी चंक्रमण व आसन यांचा आलटून पालटून अवलंब करावा, मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर निजावे, असे सांगितले आहे. मगध देशातील एका गावी ध्यानास बसलेला मौद्गल्यायन डुलक्या घेऊ लागला, तेव्हा बुद्धाने त्याला निद्रा घालविण्याचे क्रमवार उपाय सांगितले. ध्यानविषय बदलणे, ऐकलेल्या धर्माचे चिंतन व पठन करणे, कान ओढून अंग चोळणे, डोळ्यांना पाणी लावून ताऱ्यांकडे पाहणे, प्रकाशाची कल्पना मनात धरणे हे उपाय निष्फळ ठरल्यास इंद्रिये अंतर्मुख व चित्त बाहेर न जाणारे ठेवून चंक्रमण करावे, असा त्यांत उपदेश आहे. पाय चालत असता इंद्रिये अंतर्मुख ठेवणे, हे चंक्रमणाचे मर्म येथे स्पष्ट झाले आहे.

सतिपट्ठान सुत्तात हाच विचार अधिक व्यापक झाला आहे. ‘सति’ म्हणजे स्मृती, जागरूकता. ती शरीर, वेदना, चित्त व धर्म या चार ठिकाणी कशी प्रतिष्ठित करावी, हे या सुत्तात सांगितले आहे. शरीरविषयक भागात श्वासोच्छ्वासानंतर लगेच ईर्यापथांचा विचार येतो व त्यानंतर ‘संप्रजन्य’ म्हणजे स्पष्ट जाणीव हे प्रकरण येते. पुढे जाणे, मागे येणे, समोर व बाजूस पाहणे, अवयव आखडणे व पसरणे, चीवर व पात्र धारण करणे, खाणेपिणे, मलमूत्रविसर्जन, बोलणे व मौन राहणे या सर्व क्रिया स्पष्ट जाणिवेने कराव्या, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे साधनेसाठी वेगळ्या काढलेल्या वेळेइतकेच दैनंदिन हालचालींनाही येथे महत्त्व आहे.

अतिरेकाचा धोकाही या परंपरेने आरंभीच ओळखला होता. चंपानगरीतील एका श्रीमंत घराण्यातील सोण कोळिविस हा अत्यंत सुकुमार तरुण भिक्षू झाला व राजगृहाजवळील शीतवनात त्याने इतके कठोर चंक्रमण केले, की त्याचे तळवे फाटून वाट रक्ताने माखली. तरीही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतून दानधर्म करावा, असे विचार त्याच्या मनात येऊ लागले. सोण पूर्वाश्रमी वीणावादनात निपुण होता. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर तिच्यातून योग्य स्वर निघत नाही, या दृष्टांताने बुद्धाने त्याला प्रयत्नातील समत्व समजावून दिले. त्याच प्रसंगी त्याला एकपदरी पादत्राण वापरण्याची अनुज्ञा मिळाली. परंतु सर्व संघाला ती मिळाल्याखेरीज आपण ती घेणार नाही, असे सोणाने सांगितल्यावरून ती सर्वांना देण्यात आली. केवळ शारीरिक कष्ट म्हणजे साधना नव्हे, हा या कथेचा आशय आहे. आनंदाच्या अर्हत्त्वप्राप्तीची कथाही याच आशयाची आहे. पहिल्या धर्मसंगीतीच्या आदल्या रात्री त्याने कायगत स्मृतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. अट्ठकथेनुसार चंक्रमण करीत असताना आपले वीर्य प्रमाणाबाहेर जात आहे, हे त्याच्या ध्यानी आले. तो विश्रांतीसाठी आडवा होत असता, पाय जमिनीवरून उचलले आहेत व मस्तक उशीला अद्याप टेकलेले नाही, अशा स्थितीत तो मुक्त झाला. चारही ईर्यापथांच्या बाहेर घडलेली मुक्ती म्हणून परंपरेत या घटनेचा उल्लेख केला जातो.

पुरातत्त्वीय अवशेष : चंक्रमणाच्या वाटेला प्राचीन काळी पावित्र्य प्राप्त झाले होते. संबोधीनंतरचा तिसरा आठवडा बुद्धाने बोधिवृक्षाजवळ चंक्रमणात घालविला, अशी परंपरागत श्रद्धा असून बोधगया येथे महाबोधी मंदिराच्या उत्तरेस या स्थानाचा निदर्शक असा चौथरा व त्यावर कमलाकृती आहेत. भारहूतच्या स्तूपावरील एका शिल्पाखाली त्रिकोणी चंक्रमाचा निर्देश करणारा ब्राह्मी लेख आहे. सांची येथील तोरणांवर बुद्धाची मानवी आकृती दाखविलेली नाही. तेथे उरुवेला येथील पाण्यावरून चालण्याच्या चमत्काराच्या प्रसंगी बुद्धाचे अस्तित्व केवळ चंक्रमाच्या शिलापट्टाने सूचित केले आहे. कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षी भिक्षू बल याने सारनाथ येथे बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती व छत्र स्थापन केले. ही स्थापना बुद्धाच्या चंक्रमस्थानी केली, असे तेथील लेखात म्हटले आहे. श्रावस्ती येथील बलाच्या मूर्तिलेखातही चंक्रमाचा असाच उल्लेख आढळतो.

जातकट्ठकथेच्या निदानकथेत निर्दोष चंक्रमाचे वर्णन आले आहे. जमीन टणक व उंचसखल असणे, मध्येच झाड असणे, वाट झुडपांनी झाकलेली असणे, ती फार अरुंद असणे आणि फार रुंद असणे हे पाच दोष तीत सांगितले आहेत. अरुंद वाटेवर पाय ठेचकाळतात. फार रुंद वाटेवर चित्त सैरावैरा होते व एकाग्र होत नाही. आदर्श वाट दीड हात रुंद, दोन्ही बाजूंस एकेक हाताच्या उपवाटा असलेली, साठ हात (सु. २७ मी.) लांब, मऊ तळाची व सारखी वाळू पसरलेली असावी, असे सांगून श्रीलंकेतील चेतियगिरीवरच्या महेंद्र स्थविराच्या चंक्रमाचे उदाहरण दिले आहे. वाटेच्या रुंदीचा विचार पायांइतकाच चित्ताच्या दृष्टीनेही झाला होता, हे यावरून दिसते.

चिनी प्रवासी इत्सिंग (६३५–७१३) याने आपल्या वृत्तांतात एक संपूर्ण प्रकरण चंक्रमणाला दिले आहे. भारतात भिक्षू व गृहस्थ दोघेही ठराविक वेळी, गोंगाटापासून दूर, एकाच वाटेने येरझारा घालतात. त्यामुळे रोग बरे होतात व अन्न पचते, असे तो सांगतो. महाबोधी, राजगृह, मृगदाव इ. पवित्र स्थानी त्याने पाहिलेले चंक्रम विटांचे असून सु. दोन हात रुंद, चौदा-पंधरा हात लांब व दोन हातांहून अधिक उंच होते. चंक्रमण व प्रदक्षिणा यांत गल्लत करू नये, असेही त्याने आपल्या देशबांधवांना बजावले आहे. प्रदक्षिणा ही पूज्य वस्तूभोवती भक्तीने घातलेली फेरी. चंक्रमणाला असा कोणताही बाह्य केंद्रबिंदू नसतो.

अट्ठकथांतील विवेचन : चंक्रमणाचे सूक्ष्म तात्त्विक विश्लेषण बुद्धघोषाने (पाचवे शतक) केले. विसुद्धिमग्ग या ग्रंथात त्याने साधकाच्या स्वभावानुसार ईर्यापथांची योग्यायोग्यता ठरविली आहे. रागप्रधान स्वभावाच्या साधकाला उभे राहणे वा चालणे, द्वेषप्रधान साधकाला पहुडणे वा बसणे आणि मोहप्रधान साधकाला चालणे हितकर होय, असे त्याचे मत आहे. याच ग्रंथात पुढे एका पावलाचे सहा भाग पाडले आहेत : (१) उद्धरण म्हणजे पाऊल उचलणे, (२) अतिहरण म्हणजे ते पुढे नेणे, (३) वीतिहरण म्हणजे ते बाजूस घेणे, (४) वोसज्जन म्हणजे ते खाली सोडणे, (५) सन्निक्षेपन म्हणजे ते जमिनीवर टेकविणे व (६) सन्निरुज्झन म्हणजे त्यावर भार देणे. पहिल्या तीन भागांत तेज व वायू ही महाभूते प्रबळ असून पृथ्वी व आप ही मंद असतात. पुढील तीन भागांत याउलट स्थिती असते. प्रत्येक भागात उत्पन्न झालेले रूपधर्म पुढच्या भागापर्यंत न पोचता तेथेच नष्ट होतात, हे सांगण्यासाठी तापलेल्या भांड्यात टाकताच तडतडणाऱ्या तिळांचा दृष्टांत त्याने दिला आहे. येथे चंक्रमण हे निद्रानाशाचे साधन उरत नसून अनित्यता व अनात्मता प्रत्यक्ष पाहण्याचे क्षेत्र बनते.

सतिपट्ठान सुत्तावरील अट्ठकथेत एक मार्मिक आक्षेप उपस्थित केला आहे. आपण चालत आहोत, हे कुत्र्याकोल्ह्यांनाही कळते. मग साधकाच्या जाणण्यात विशेष ते काय? यावर उत्तर असे, की त्या प्राण्यांच्या जाणण्याने ‘मी’ चालतो हा भ्रम सुटत नाही, म्हणून ते ध्यान नव्हे. कोण चालतो, चालणे कोणाचे व ते कशामुळे घडते, असे तीन प्रश्न साधकाने सोडवावयाचे असतात. चालण्याचा विचार चित्तात उत्पन्न होतो, त्यातून वायुधातूला चलन मिळते व त्या चलनाने शरीर पुढे जाते. या प्रक्रियेवेगळा ‘चालणारा’ कोणी नाही, असे अट्ठकथाकारांचे प्रतिपादन आहे.

अट्ठकथांत संप्रजन्याचे चार प्रकार मानले आहेत : क्रियेच्या हेतूची जाणीव, तिच्या योग्यायोग्यतेची जाणीव, क्रिया चालू असताही ध्यानविषय न सोडण्याची जाणीव व मोहरहित जाणीव. तिसऱ्या प्रकाराच्या स्पष्टीकरणार्थ काही सिंहली स्थविरांच्या कथा दिल्या आहेत. महाफुस्सदेव हा स्थविर भिक्षेला जातायेताना ध्यानविषयाशिवाय एखादे पाऊल पडल्यास मागे फिरे व तेथून पुन्हा चालू लागे. शेतात काम करणाऱ्या लोकांना त्याची वाट चुकली असावी किंवा तो काही विसरला असावा, असे वाटे. असा क्रम त्याने एकोणीस वर्षे चालविला व विसाव्या वर्षी त्याला अर्हत्त्व प्राप्त झाले. दुसऱ्या एका स्थविराने शिष्यांशी बोलता बोलता हात झटकन आखडला, लगेच तो पूर्वस्थितीत नेला व पुन्हा सावकाश आखडला. कारण विचारता, ध्यानविषय स्वीकारल्यापासून आपण तो सोडून कधीही हात आखडला नव्हता, असे त्याने सांगितले.

आधुनिक काळात विसुद्धिमग्गाचा देवनागरी लिपीतील पाठ अभ्यासकांना उपलब्ध करून देण्याचे श्रेय गोव्यात जन्मलेले मराठी पाली पंडित धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्याकडे जाते. त्यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाली व हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या मूळ संपादनावर त्यांनी केलेले संस्करण १९५० मध्ये हार्व्हर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाले.

इतर भारतीय परंपरांशी तुलना : वैदिक व यौगिक परंपरांचा कल सामान्यतः स्थैर्याकडे आहे. योगसूत्रांत आसन हे स्थिर व सुखकर असावे, असे सांगितले असून चालण्याला ध्यानाचे अंग मानलेले नाही. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात उपासना बसूनच करावी, असा सिद्धांत आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी चारही ईर्यापथांचा जणू क्रमाने विचार केला आहे. उपासना म्हणजे समान प्रत्ययांचा अखंड प्रवाह. चालणाऱ्याच्या वा धावणाऱ्याच्या ठिकाणी गतीमुळे चित्तविक्षेप होतो, उभे राहणाऱ्याचे मन देह सावरण्यात गुंतते व पहुडलेल्यास अकस्मात झोप घेरते, म्हणून बसणे हेच योग्य, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या मतभेदाचे मूळ ध्यानाच्या विषयात आहे. शरीराहून भिन्न अशा एकाच तत्त्वाकडे प्रत्ययांचा प्रवाह वळवावयाचा असेल, तर गती हा विक्षेप ठरतो. उलट शरीरातील बदल हाच निरीक्षणाचा विषय असेल, तर गतीमुळे तो अधिक स्पष्ट होतो. अर्थात भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात स्थिर आसनाचा पुरस्कार असला, तरी पाचव्या अध्यायात पाहणे, चालणे, श्वास घेणे इ. क्रिया चालू असताही आपण काही करीत नाही, अशी तत्त्ववेत्त्याची भूमिका वर्णिली आहे. संप्रजन्याच्या कल्पनेशी तिचे काहीसे साम्य दिसते.

जैन परंपरेत कायोत्सर्गाला महत्त्व आहे. त्यात शरीरावरील ममत्व सोडून निश्चल राहावयाचे असते व तो बहुधा उभ्याने केला जातो. चालण्याविषयीची जागरूकता तेथे ‘ईर्यासमिती’ या नावाने येते. पुढची जमीन पाहून, सूक्ष्म जीवांची हिंसा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, असा तिचा आशय आहे. बौद्ध चंक्रमणात दृष्टी चालण्याच्या प्रक्रियेवर असते, तर ईर्यासमितीत ती वाटेवरील जीवांवर असते.

पूर्व आशियातील विकास : चीनमधील त्येन-ताय पंथाचा प्रवर्तक चृ-इ (५३८–५९७) याने ५९४ मध्ये दिलेल्या व शिष्याने शब्दबद्ध केलेल्या प्रवचनांत समाधीचे चार प्रकार सांगितले : नित्य बसून करावयाची, नित्य चालत करावयाची, काही काळ चालत व काही काळ बसून करावयाची आणि या दोहोंनी मर्यादित नसलेली. दुसऱ्या प्रकारात साधकाने नव्वद दिवस अमिताभ बुद्धाच्या मूर्तीभोवती चालत राहावयाचे असून मुखाने नामस्मरण व मनाने चिंतन करावयाचे असते. इत्सिंगाने वेगळे मानलेले चंक्रमण व प्रदक्षिणा हे प्रकार येथे एकत्र आलेले दिसतात. साइचो (७६७–८२२) याने हा पंथ जपानमध्ये हिएई पर्वतावर स्थापिला. तेथे नित्य चालण्याच्या समाधीसाठी स्वतंत्र मंदिरे बांधण्यात आली. सात वर्षांच्या कालावधीत एक हजार दिवस पर्वतवाटांनी चालण्याचे तेथील कठोर व्रत प्रसिद्ध असून त्याचे प्रवर्तन सोओ (८३१–९१८) याच्याकडे दिले जाते.

झेन पंथात चंक्रमणाला दोन बैठकांच्या मधील दुव्याचे रूप आले. डोगेन (१२००–५३) हा १२२३ ते १२२७ या काळात चीनमध्ये होता. तेथे गुरू रु-चिंग यांच्याकडून मिळालेल्या शिकवणीची जी टिपणे त्याने ठेवली, त्यांत एका श्वासोच्छ्वासात अर्धे पाऊल या मंद गतीने चालण्याचा विधी येतो. सोतो संप्रदायात ही मंद गती आजही पाळली जाते. रिंझाई संप्रदायात मात्र झपाझप चालण्याची पद्धत आहे. दोन्हींत आसनावरून उठल्यावरही ध्यान खंडित होऊ नये, हाच उद्देश असतो.

विसाव्या शतकातील पुनरुज्जीवन : म्यानमारमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विपश्यनेचा प्रसार गृहस्थांतही होऊ लागला. लेडी सयाडॉ (१८४६–१९२३) व मिंगुन जेतवन सयाडॉ हे या चळवळीचे प्रमुख प्रवर्तक होत. मिंगुन जेतवन यांचे शिष्य महासी सयाडॉ (१९०४–८२) यांनी १९३८ पासून सतिपट्ठानावर आधारलेली साधना शिकविण्यास प्रारंभ केला व १९४९ पासून रंगून येथील केंद्रात तिचे अध्यापन केले. त्यांच्या पद्धतीत बसलेल्या अवस्थेत श्वासाबरोबर पोटाचे फुगणे व ओसरणे यांची नोंद घेतली जाते. तासभर चंक्रमण व तासभर आसन असा साधारण क्रम असतो. चंक्रमणात आरंभी ‘डावे’, ‘उजवे’ अशी व पुढे उचलणे, नेणे, ठेवणे अशी नोंद मनातल्या मनात केली जाते. जाणीव सूक्ष्म होईल तसतसे हे भाग वाढवीत सहापर्यंत नेले जातात. विसुद्धिमग्गातील विश्लेषण अशा रीतीने सामान्य गृहस्थाला आचरता येण्याजोग्या कृतीत उतरले.

म्यानमारमधील दुसऱ्या परंपरेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ मध्ये मुंबई येथे भारतातील आपले पहिले शिबिर घेतले. इगतपुरी येथील धम्मगिरी या त्यांच्या केंद्रात १९७६ पासून शिबिरे होत आहेत. या परंपरेत शरीरावरील संवेदनांचे निश्चल बसून निरीक्षण करण्यावर भर असून दिवसातील काही बैठका हातपाय न हलविता, डोळे न उघडता करावयाच्या असतात. चंक्रमणाचा स्वतंत्र विधी तीत नाही; विश्रांतीच्या वेळी ठरावीक जागेत फिरण्यास मुभा असते व योगासनादी व्यायाम शिबिरकाळात स्थगित ठेवावे लागतात. एकाच देशात, एकाच सुत्ताच्या आधारे उदयास आलेल्या या दोन परंपरांनी शरीर हेच निरीक्षणाचे क्षेत्र मानले. पण एकीने हालचालीला साधनेत स्थान दिले, तर दुसरीने हालचाल थांबवून अंतर्गत संवेदनांवर लक्ष केंद्रित केले.

थायलंडमधील अरण्यवासी भिक्षूंच्या परंपरेत कुटीशेजारी चंक्रमाची वाट असणे नेहमीचे आहे. तेथील लुआंगपोर तियन (१९११–८८) यांनी १९५७ मध्ये, स्वतः गृहस्थ असताना, हातांच्या लयबद्ध हालचालींवर आधारलेली साधना अवलंबिली व पुढे तिचा प्रसार केला. तीत डोळे उघडे ठेवून हात क्रमाक्रमाने वळविणे, उचलणे, पोटाशी व छातीशी आणणे व पुन्हा खाली ठेवणे या हालचाली केल्या जातात. प्रत्येक हालचालीच्या शेवटी क्षणभर थांबतात. नामजप वा मनातील नोंद यांना तीत स्थान नाही. केवळ हालचालीची जाणीव अभिप्रेत असते. व्हिएटनामी भिक्षू थिच न्हाट हान्ह (१९२६–२०२२) यांनी मात्र चालण्यातील प्रसन्नतेवर व भूमीशी असलेल्या नात्यावर भर दिला आणि ही साधना फ्रान्समधील आपल्या केंद्रातून सामुदायिक स्वरूपात रूढ केली.

वैद्यकातील उपयोग : अमेरिकेत महासी परंपरेचा प्रसार मॅसॅचूसेट्समधील बॅरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या साधनासंस्थेमार्फत विशेषत्वाने झाला. त्याच राज्यातील विद्यापीठीय वैद्यक महाविद्यालयात जॉन कॅबट-झिन (१९४४– ) यांनी १९७९ मध्ये दीर्घकालीन वेदना व ताण यांनी ग्रस्त असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बसून करावयाचे ध्यान, पडून केलेले शरीराचे क्रमवार निरीक्षण, चालण्याचे ध्यान आणि सौम्य योगासने यांचा समावेश होता. योगासनांना शरीरशास्त्रीय अभ्यासाची जोड देण्याचे कार्य त्यापूर्वी भारतात सुरू झालेले होते. लोणावळे येथे १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) हे त्यातील अग्रणी होत. बौद्ध परंपरेतील स्मृती व हठयोगातील आसने या स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन साधना या अभ्यासक्रमात एकत्र आल्या. आसन साधणे हे तेथे उद्दिष्ट नसून ते करीत असता स्नायूंचा ताण, श्वास व मनाची प्रतिक्रिया यांकडे पाहणे हे उद्दिष्ट असते.

या अभ्यासक्रमांच्या वैद्यकीय उपयुक्ततेविषयी पुष्कळ संशोधन झाले आहे. तथापि ते बहुतांशी संपूर्ण अभ्यासक्रमाच्या परिणामांसंबंधी असल्याने त्यातील एकट्या चंक्रमणाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. निश्चल बसणे ज्यांना शारीरिक पीडेमुळे वा मानसिक अस्वस्थतेमुळे अशक्य होते, अशांना जागरूकतेचा मार्ग खुला होतो, ही त्याची व्यावहारिक उपयुक्तता मात्र उघड आहे. वैशालीच्या कथेत आजारी भिक्षूंसाठी वैद्याने सुचविलेला उपाय साधनेत आला होता. विसाव्या शतकात तीच साधना वैद्यकाच्या क्षेत्रात परत गेली, असे म्हणता येईल.

मूल्यमापन : चंक्रमणाच्या दीर्घ इतिहासात दोन टोके पुनःपुन्हा दिसून येतात. एक टोक सोणाचे. त्यात हालचाल हेच तप बनते व शरीर झिजत असता चित्त मात्र जागच्या जागी राहते. दुसरे टोक केवळ सुखद सवयीचे. त्यात चालणे आरोग्यदायी व मन शांत करणारे ठरते, पण त्यातून स्वतःविषयीची दृष्टी बदलत नाही. आधुनिक धर्मनिरपेक्ष अभ्यासक्रमांत अनात्मतेचा सिद्धांत पार्श्वभूमीवर गेल्यामुळे दुसऱ्या टोकाची शक्यता वाढली आहे, अशी टीका परंपरानिष्ठ अभ्यासक करतात. दुःखमुक्तीचा मर्यादित लाभही धर्म व पंथ न पाहता सर्वांना मिळावा, असे या अभ्यासक्रमांच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आहे. या वादात कुत्र्याकोल्ह्यांविषयीचा अट्ठकथेतील आक्षेप आजही समर्पक ठरतो. किती वेळ चाललो, किती संथ चाललो, यावरून चंक्रमणाचे मोल ठरत नाही. चालणे चालू असता काय जाणले गेले, यावरून ते ठरते. शरीराची गती आणि चित्ताचे स्थैर्य यांत अपरिहार्य विरोध नाही, हे प्रत्यक्ष आचरणाने दाखवून देणे, ही साधनेच्या इतिहासाला चंक्रमणाची महत्त्वाची देणगी होय.